केदारची बढती

अकोला, १४ मे २०२४, मंगळवार. माझा पुतण्या केदार प्रॉडक्ट मॅनेजर आहे. नळ कधी येणार हे सांगणारे त्याचे ॲप आज एका सभागृहात, ते वापरणाऱ्या आम्हा लोकांसमोर, पुण्याच्या साहेबांना दाखवायचे होते. त्यावर त्याची बढती ठरणार होती.

पाच वाजता सभागृहातले सगळे फोन वाजले: ‘तुमच्या भागात पाणी आले.’ आमच्या भागाचा व्हॉल्व्ह उघडणारे किसनराव तेव्हा सत्कारासाठी मंचावर बसले होते.

मी विचारले, “किसनराव, पाणी सोडलंत?”

“बाई, मले या केदारनंच शाल देऊन बसवलं, तं पानी कोन सोडन?”

केदार हसून म्हणाला, “काकू, सूचना तर वेळेवर गेली ना!”

साहेबांनी याला नेतृत्व म्हटले आणि बढती जाहीर केली.

घरी नळ कोरडा. माठात दोन तांबे पाणी आहे.