अक्कांच्या डोक्यावरचं कापड

आमच्या दाजीबानपेठेतल्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांचे नाना नमुने मी पाहिलेत. पण डोक्यावर पांढऱ्या ओढण्या घेऊन आरशासमोर उभे राहिलेले तीन म्हातारे पुरुष एकदाच पाहिले, आणि तेही भर दुपारी. रस्त्यावरून जाणारे थांबून आत डोकावत होते. लग्नाचा बस्ता बघायला आलेली एक बाई पायरीवरूनच परत फिरली. हसू दाबून दाबून माझ्या पोटात दुखायला लागलं होतं, आणि त्याच वेळी राग असा येत होता की हातातली मीटरपट्टी एकेकाच्या पाठीत घालावी.

ते तिघे एका चर्चच्या कमिटीतले वडील होते. वडील म्हणजे मंडळीनं निवडलेली जाणती माणसं, एवढं मला अक्कांमुळे ठाऊक होतं. त्यांतले एक रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, सगळ्यांत कडक. दुसरे कमिटीचे सेक्रेटरी, डोक्याला तुळतुळीत टक्कल. तिसरे कोण काय बोललं की मान डोलावणारे. त्यांना कापड हवं होतं, आणि ते कापड अक्कांच्या डोक्यासाठी हवं होतं.

अक्का माझी सख्खी बहीण नव्हे. कन्नडात मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून मी म्हणते. चर्चमधले सगळे त्यांना टीचर म्हणतात. धारवाडात केलगेरीला राहतात. माझ्या लेकीला त्यांनी शिकवलं, तेव्हापासूनची ओळख. मी मराठी घरातली, देव्हाऱ्यासमोर दिवा लावणारी. त्या कन्नड ख्रिश्चन. पण आमचं बरं जमतं. मी दिवाळीला चकल्या पाठवते, त्या नाताळला करंज्या पाठवतात. त्यांच्या करंज्या माझ्यापेक्षा चांगल्या होतात, हे मी अजून त्यांच्याजवळ कबूल केलेलं नाही.

त्यांच्या चर्चमध्ये बायका काय करत नाहीत ते सांगा. गाणी म्हणतात, मुलांचे वर्ग घेतात, फुलं लावतात, सणाच्या आधी फरशी पुसतात, आजाऱ्यांच्या उशाशी बसून प्रार्थना करतात. फक्त पुलपिटावर चढत नाहीत. पुलपिट म्हणजे संदेश द्यायचं ते उंच लाकडी व्यासपीठ. बायकांना काही जाहीर करायचं असलं तर खाली फुलदाणीजवळ वेगळा माईक आहे. वर्षातून एकदा महिलांचा रविवार असतो. त्या दिवशीसुद्धा संदेश पुरुषच देतो, आणि तो बायकांच्या गुणांवर असतो.

अक्कांना त्या पुलपिटावर उभं राहून एकदा बोलायचं होतं. एवढंच. आयुष्यभर आजाऱ्यांच्या खाटांजवळ बसून त्या जे शिकल्या होत्या, ते त्यांना सांगायचं होतं. नवे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तरुण होते, त्यांनी हो म्हटलं आणि विषय कमिटीपुढे ठेवला.

त्याच सुमारास त्यांचा आवाज बसायला लागला. देशपांडे नगरातल्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेले. घशात, आवाज जिथून निघतो तिथेच गाठ होती. काढावी लागणार होती. काढल्यावर आवाज येईल, घोगरा येईल, किंवा येणारही नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. दवाखान्याच्या जिन्यात अक्का कठड्याला धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधी एकदा वर चढून बोलायचंय." मग मला बजावलं, "आणि हे कुणाला सांगायचं नाहीस. दया म्हणून दिलेली पाळी मला नको. द्यायची तर हक्कानं द्यावी." मी देवाची शपथ घेतली. कुठल्या देवाची ते त्यांनी विचारलं नाही.

कमिटी सरळ नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. कमिटी म्हणाली, हरकत नाही, पण डोकं झाकलेलं पाहिजे. आता अक्का काय उघड्या डोक्यानं फिरत होत्या? उपासनेत त्यांच्या डोक्यावरून पदर कधी खाली आलेला कुणी पाहिला नव्हता. पण गार्डसाहेबांचं म्हणणं असं की शास्त्रात एका ठिकाणी लिहिलंय, बाईनं प्रार्थना करताना, बोलताना डोकं झाकावं. आणि दुसऱ्या ठिकाणी लिहिलंय, बाईनं सभेत गप्प बसावं. दोन्ही पाळायचं तर फार जपून पाळावं लागेल. अक्का म्हणाल्या, "गप्पच बसवायचं होतं तर बोलताना झाका असं कशाला लिहिलं असतं?" यावर तिसरे वडील मान डोलावून गेले, आणि गार्डसाहेबांनी त्यांच्याकडे बघितल्यावर त्यांनी ती मान दुसऱ्या बाजूला डोलावली.

मग कमिटीच्या खोलीत अक्कांची चाचणी झाली. उभ्या राहा, बोलल्यासारखं करा, हात वर करा. अक्कांनी हात वर केला आणि पदर खांद्यावर आला. झालं. उपासना चालू असताना असं झालं तर काय, यावर अर्धा दिवस चर्चा. अक्का म्हणाल्या, पिन लावते. सेक्रेटरी म्हणाले, पिन लावली की ते झाकणं मनापासूनचं राहत नाही. अक्का म्हणाल्या, मग दारातल्या टोपलीतली ओढणी घेते. उघड्या डोक्यानं आलेल्या पोरींसाठी चर्चच्या दारात वेताच्या टोपलीत ओढण्या ठेवलेल्या असतात. सगळ्यांच्या खोबरेल तेलाचा वास त्यांना येतो आणि शहाणी पोरगी त्यांना हात लावत नाही. गार्डसाहेब म्हणाले, ती विसराळू पोरींची ओढणी, ती वर कशी न्यायची? शेवटी ठराव झाला की पुलपिटासाठी वेगळं कापड घ्यावं. कुठून घ्यावं, तर टीचरांच्या ओळखीच्या दुकानातून, म्हणजे दर बरा लागेल.

असे ते तिघे माझ्या दुकानात आले. सोबत बाईमाणूस एकही नाही. मी म्हटलं, टीचरांना पाठवा, मी बरोबर कापड देते. तर म्हणे, जबाबदारी आमची आहे, आम्हीच बघणार. आणि बघणार म्हणजे कसं, तर स्वतःच्या डोक्यावर घेऊन.

आधी जॉर्जेट काढलं. सेक्रेटरींनी डोक्यावर घेतलं आणि ते सर्रकन घसरून काउंटरवर पडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा पडलं. जॉर्जेट बाद. मी म्हटलं, अहो, टीचरांना केस आहेत. ते म्हणाले, कापडानं केसांवर अवलंबून राहता कामा नये. मग वॉइल काढलं. तिसऱ्या वडिलांच्या केसांना मेंदी होती, ती वॉइलमधून तांबूस दिसली. केस दिसतात, म्हणून वॉइलही बाद. मग जाड पॉपलीन. गार्डसाहेबांनी ते कपाळापर्यंत ओढून घेतलं, कानांवरून घेतलं, हनुवटीखाली धरलं आणि आरशात डावीउजवीकडे वळून बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मला वाटतं त्यांना ते शोभत होतं. सेक्रेटरी काही विचारत होते, ते त्यांना ऐकूच आलं नाही. पॉपलीनखाली कान झाकले गेले होते.

"तुमच्यात कुठपर्यंत घेतात?" गार्डसाहेबांनी मला विचारलं. "कपाळापर्यंत, की भांग दिसला तर चालतो?"

आता माझा तोल सुटला. मी म्हटलं, "साहेब, मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या घरात सासऱ्यांसमोर पदर डोक्यावर घ्यायची पद्धत होती. मी घेतला. आणि तो घेऊनच त्यांच्याशी वर्षभर भांडले, की मला दुकानात बसायचंय म्हणून. पदर जागचा हलला नाही आणि माझं तोंडही बंद झालं नाही. आज मी या गादीवर बसलेय ती अशी. तेव्हा कापड कुठलंही न्या, पण लवकर न्या." तिसरे वडील मान डोलावत होते. गार्डसाहेबांनी पॉपलीनची घडी घातली, माझ्यापेक्षा नीट घातली, आणि म्हणाले, "नमुने द्या. सभेत ठरवू."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अहो, त्या बाईकडे वेळ नाही. पण शपथ घेतलेली. मी नमुने कापून दिले.

सभा झाली, तर त्या दिवशी पाळक परगावी. पुढच्या सभेला कोरम नाही. त्याच्या पुढच्या सभेत पॉपलीन ठरलं, पण पांढरं की मोतिया हे राहिलं. मग कडेला पिको करायचा की हातानं दुमड घालायची? पिको म्हणजे शृंगार होतो की नाही? अक्का दर रविवारी उपासना उरकून माझ्याकडे यायच्या, गादीवर बसायच्या, चहा घ्यायच्या. आवाज दर खेपेला आणखी खाली गेलेला. मी रागानं बडबडायची. त्या म्हणायच्या, "अगं, वाईट नाहीत ती माणसं. त्यांना फक्त चूक व्हायला नकोय." एकदा त्यांनी डॉक्टरांकडून तारीख पुढे ढकलून घेतली. दुसऱ्यांदा ढकलायला गेल्या तेव्हा डॉक्टर चिडले. म्हणाले, गाठ तुमच्या कमिटीसाठी थांबणार नाही.

ऑपरेशन झालं. चर्चमध्ये अक्कांनी गावी जातेय एवढंच सांगितलं होतं. घरी आल्यावर डॉक्टरांचा सक्त हुकूम, काही आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही. जखम भरायच्या आत बोललात तर उरलासुरला आवाजही जाईल. अक्का मोबाईलवर टाईप करून दाखवायच्या. मी मात्र त्यांच्याशी उगाच मोठ्यानं बोलायची, जणू त्यांना ऐकू येत नव्हतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात, टीचर गावी गेल्यात म्हणून, सेक्रेटरींचा मला दुकानात फोन. खुशीत होते. ठराव एकमतानं पास झाला, पांढरं पॉपलीन, हाताची दुमड, येत्या रविवारी टीचरांचा संदेश. मी म्हटलं, थोडं पुढे ढकला. ते म्हणाले, "पुढे ढकललं तर ठराव रद्द होतो. मग कापडापासून पुन्हा सुरुवात."

मी अक्कांना सांगितलं आणि म्हटलं, कळवून टाकू या की जमत नाही. त्यांनी टाईप केलं, "जाते." मी कपाळाला हात लावला. म्हटलं, जाऊन करणार काय? त्यांनी लिहिलं, "नाही गेले तर म्हणतील, बाई ऐनवेळी घाबरली." म्हटलं, मग लिहून द्या, पाळक वाचतील. त्यावर त्यांनी मोबाईल नुसता उलटा करून ठेवला. मला कळलं. वाचलं असतं तर पुन्हा पुरुषाचाच आवाज.

रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. दारात गार्डसाहेब उभे होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं तशी मी पदर डोक्यावर घेतला. मी पाव्हणी, उगाच वाद कशाला. बायकांच्या बाजूला मागच्या बाकावर बसले. गाणी झाली. पाळकांनी टीचरांना बोलावलं. अक्का पायऱ्या चढल्या.

पॉपलीन झकास बसलं होतं. केस नाही, भांग नाही, काही नाही. पुढच्या बाकावरचे तिघे वडील वर बघत होते ते फक्त कापडाकडे. सेक्रेटरींनी गार्डसाहेबांकडे बघून समाधानानं मान हलवली.

अक्का मंडळीकडे बघत उभ्या राहिल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं त्यांनी. माणसं वाट बघत होती. कुणीतरी खोकलं. पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. सेक्रेटरींना वाटलं माईक बंद आहे. ते लगबगीनं वर गेले, माईकवर टिचकी मारली, "हॅलो, हॅलो" म्हणाले. माईक खणखणीत चालू होता. ते खाली आले. अक्का तशाच उभ्या. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, एक म्हातारी हळूच डोळे पुसायला लागली, का ते तिलाही ठाऊक नसावं.

शेवटी गार्डसाहेब उठले. बाईनं गप्प बसावं म्हणणारे तेच. म्हणाले, "टीचर, बोला की." थांबले. मग पुन्हा, अगदी काकुळतीला येऊन, "काहीतरी बोला हो."

मी उभी राहिले. कशी राहिले ते मला सांगता येणार नाही. पदर खांद्यावर आला होता. दुकानात पलीकडच्या फुटपाथवर ऐकू जाईल असा माझा आवाज आहे, त्या आवाजात मी कन्नडात म्हटलं, "त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय. बोललं तर आवाज जाईल. बोलता येत होतं, तेव्हा तुम्ही माझ्या दुकानात कापड बघत होता."

मला गप्प बसा असं कुणी म्हणालं नाही. तेवढ्यात अक्कांनी माईक हातानं जवळ ओढला. मी मागून हात हलवून नको नको म्हणत होते. त्यांनी तोंड उघडलं आणि फाटलेल्या, अनोळखी आवाजात एकच शब्द म्हणाल्या. "साकु." कन्नडात साकु म्हणजे पुरे.

मग त्या पायऱ्या उतरून खाली आल्या. पुलपिटावरून त्यांनी दिलेला संदेश एवढाच. तो गार्डसाहेबांना होता की शपथ मोडणाऱ्या मला, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही, आणि विचारलं तरी त्यांना ते टाईप करूनच सांगावं लागेल.