क्ष म्हणजे कोण?

काष्टीत पोलीस भरतीचा क्लास सुरू केल्यापासून माझ्या अंगावर दोनच गोष्टी साठतात, खडूची धूळ आणि किस्से. धूळ झटकता येते. त्यात सरासरीचा धडा आला की विचारूच नका.

*

पहिल्याच बॅचला विचारलं, "सरासरी म्हणजे काय?"

सगळ्यांनी वह्यांत डोकी घातली. मी वैतागून म्हणालो, "अरे, ॲव्हरेज!"

मागच्या बाकावरचा सागर लगेच म्हणाला, "मग तसं म्हना की सर. माझी गाडी पंचावन्न देती."

मग प्रत्येकाने आपापल्या गाडीचं सांगितलं. सगळा तास पेट्रोलवर संपला.

*

एकदा फळ्यावर गणित घातलं. पाच मुलींचं सरासरी वजन अठ्ठेचाळीस किलो. एक क्लास सोडून गेली, तर सरासरी सत्तेचाळीस झाली. गेलेल्या मुलीचं वजन किती?

प्रतीक्षा म्हणाली, "सर, लग्न ठरलं असंल तिचं."

वर्ग हसला. ती हसली नाही. मैदानावर ती सगळ्यांच्या पुढे पळते, पण लेखी परीक्षेत सरासरी तिला पाडते. आणि घरून निरोप होता, ही भरती शेवटची, मधे चांगलं स्थळ आलं तर तीही नाही.

*

तिलाच मी 'क्ष' शिकवत होतो. "समजा, पाचवी संख्या क्ष."

"समजा म्हंजी तुमालाबी म्हाईत न्हाई व्हय?"

माझा खडू मोडला. तिला न्यायला आलेले तिचे वडील, आण्णा, मागे बसून ऐकत होते. "सर, ह्यो क्ष कोन? घडीघडी नाव घेता त्याचं."

म्हणालो, "आण्णा, आपल्यापासून जे लपवलंय ते म्हणजे क्ष. माहीत आहे ते नीट मांडलं की तो सापडतो."

आण्णा उठता उठता म्हणाले, "मग आपल्या गावात लई क्ष हायेत."

*

भरती तोंडावर आली आणि प्रतीक्षा क्लासला येईना. सागरने बातमी आणली, "सर, तिला उद्या बघायला येनार हायेत."

मुलींच्या शिक्षणावर कडक भाषण तयार करून दुसऱ्या दिवशी मी न बोलावता तिच्या घरी गेलो. पाहुणे आधीच बसले होते. मी तोंड उघडलं की आण्णा म्हणायचे, "सर, पोहे घ्या." तीन बशा झाल्या, भाषण पोटातच.

मुलाचे वडील ॲव्हरेजशिवाय बोलत नव्हते. उसाचं एकरी ॲव्हरेज झालं, गाईच्या दुधाचं झालं. मुलगा अठ्ठावीसचा, हे मधे दोनदा सांगून झालं. मुलगा टोपी काढत नव्हता. शेवटी रंगात येऊन ते म्हणाले, "माझ्या तिन्ही पोरांचं वयाचं ॲव्हरेज तेहतीस, पन एकालाबी सुपारीचं यसन न्हाई. ह्यो मधला तर लईच गुनाचा."

प्रतीक्षा चहा देत होती. खाली मान घालून तिने विचारलं, "थोरल्या दादांचं वय काय असंल?"

"अडतीस."

"आन् धाकट्यांचं?"

"पंचवीस. का गं पोरी?"

"काई न्हाई." रिकामा ट्रे घेऊन ती आत निघाली, आणि उंबऱ्यात वळून म्हणाली, "आण्णा, क्ष छत्तीस."

आण्णांनी मुलाच्या टोपीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पोह्यांची परात पाहुण्यांपुढे सरकवली.

"पाव्हनं, पोटभर खा. पोरीला क्लासला सोडायचंय."