मी वसूल केलेली वॉरंटी

आमच्या घरात आजवर एकच वाढीव वॉरंटी घेतली गेली आणि ती मी पुरेपूर वसूल केली. त्यानंतर अकरा दिवस बायको माझ्याशी बोलली नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सोनईच्या शाळेत गणित शिकवायचो. आमच्या गल्लीतला पहिला कॉम्प्युटर आमच्याच घरी आला आणि तो आणायला मी आणि संगीता, म्हणजे माझी बायको, नगरला गेलो होतो. दुकानदार फार गोड माणूस. एक वर्षाची वॉरंटी तर आहेच, म्हणाला, पण आणखी दोन वर्षं वाढवून घेतलीत तर सर, तीन वर्षं निर्धास्त झोपाल. संगीता हळूच म्हणाली, बिघडेल तेव्हा बघू. पण मी पडलो गणिताचा माणूस! कुठलीही वस्तू वॉरंटी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी बिघडते, हे मी तिला तिथेच, गिऱ्हाइकांसमोर, बिलाच्या पाठीमागे मांडून दाखवलं. दुकानदार कौतुकाने बघत होता. (आता कळतं, कसलं कौतुक होतं ते.)

वॉरंटीचं हिरवं कार्ड मिळालं. त्यावरच्या तेरा अटी मी घरी सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवल्या. सगळ्यांना म्हणजे संगीताला. मागचं सील तुटता कामा नये, धूळ जाता कामा नये, ओलावा लागता कामा नये. सोनईत उसाच्या ट्रॅक्टरांनी उडवलेली धूळ भाकरीवरसुद्धा बसते, तर कॉम्प्युटरला कोण सोडतंय! म्हणून कॉम्प्युटरवर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर टॉवेल आणि टॉवेलवर चादर असा बंदोबस्त केला. चालू करायचा म्हटलं की कपडे काढण्यातच दहा मिनिटं जायची.

आणि तो बिघडेना. एक वर्ष गेलं, दोन गेली, मशीन ठणठणीत! शाळेतला कॉम्प्युटर तिसऱ्याच आठवड्यात बंद पडला. त्याला बघायला नगरहून इंजिनिअर आला, हेडमास्तरांनी त्याला पोहे खिलवले, त्याने पाठीमागचं झाकण उघडून आत फुंकर मारली. मी दारात उभा राहून बघत होतो. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. दोन वर्षं जादा घेऊन बसलेला मी, आणि सेवा घेतायत दुसरेच!

तिसऱ्या वर्षी आबा आमच्याकडे राहायला आले. आबा म्हणजे माझे सासरे, मिरजगावचे. एस.टी.त ड्रायव्हर म्हणून उभी नोकरी काढलेला माणूस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेला. नगरला आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं, तोवर मुक्काम लेकीकडे. डोळ्यांना पट्टी, वाचता येत नाही, बाहेर पडायचं नाही. तेव्हा आबा बोलू लागले. सकाळी चहाबरोबर सुरू व्हायचे ते संध्याकाळी कर्जत डेपोला पोचूनच थांबायचे.

संगीताच्या डोक्यात आलं की हे सगळं लिहून काढावं. नुसतं लिहून नाही, कॉम्प्युटरवर टाईप करून, छापून, पुस्तकासारखं बांधून, बुद्धपौर्णिमेला मिरजगावात सगळे नातेवाईक जमतात तेव्हा प्रत्येकाच्या हातात एकेक द्यावं. आबा चौथी शिकलेले. "माजं पुस्तक? हाय का ते," असं म्हणून हसले. पण रोज दुपारी दोन वाजले की तोंड धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर येऊन बसायचे. डोळ्याला पट्टी असलेला माणूस इस्त्रीचा शर्ट कुणासाठी घालतो? मी विचारलं नाही. संगीता एका बोटाने अक्षर शोधत टाईप करायची, आबा तिचं बोट थांबेपर्यंत थांबायचे, आणि मी त्याच खोलीत पेपर तपासत बसायचो.

चार महिन्यांत त्रेसष्ट पानं झाली. पारनेरच्या बाजाराला निघालेली शेळी ड्रायव्हरच्या सीटखाली कशी घुसली, पावसात पूल बुडालेला असताना वऱ्हाडाची गाडी पलीकडे कशी काढली, असं सगळं त्यात होतं. पण संगीताचा जीव अडकला होता तो एका प्रकरणात. आबांची आई, म्हणजे तिची आजी, पहिल्यांदा लेकाच्या गाडीत बसली ती गोष्ट. गावची मोठी माणसं मागच्या बाकांवर, आणि म्हातारी बाकावर बसायचं सोडून खाली पत्र्यावर टेकायला लागली. आबांनी गाडी थांबवली, उतरून आत आले आणि तिला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. मग नगरपर्यंत ती काहीच बोलली नाही, आणि उतरताना काहीतरी म्हणाली. ते सांगताना आबांचा आवाज बसला होता. एवढं मला आठवतं. ती काय म्हणाली ते नाही. मी सातवी ब चे गुण जुळवत होतो.

संगीताने एकदा म्हटलं होतं, अहो, हे सगळं फ्लॉपीवर पण घेऊन ठेवू या का? फ्लॉपींचं एक नवंकोरं पाकीट कपाटात होतं, सीलबंद. मी म्हणालो, आत सुखरूप आहे ना सगळं, मग बाहेर कशाला काढायचं? उगाच पाकीट फुटेल.

आणि मार्च उजाडला. महिनाअखेरीला वॉरंटी संपणार! मला जेवण जाईना. तीन वर्षं एक स्क्रूसुद्धा ढिला झाला नाही, म्हणजे दुकानदाराने आपल्याला बनवलं, हे काही केल्या गळी उतरेना. मी कॉम्प्युटरला कान लावून बसू लागलो. शेवटी एका रविवारी मला आवाज ऐकू आला. बारीक, घरघर असा.

संगीता म्हणाली, पंखा आहे तो, पहिल्या दिवसापासून वाजतोय. आबा पट्टीआडून म्हणाले, इंजिनाचा आवाज तर बराबर येतोय, मास्तर. तीस वर्षं इंजिन ऐकलेला माणूस सांगतोय! पण मी कुणाचं ऐकतोय? सोमवारी रजा टाकली. गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, जीपने मशीन नगरला नेलं. शेजारच्या बाई विचारत होत्या, बाळ किती महिन्यांचं.

इंजिनिअरने मशीन लावलं, बघितलं, म्हणाला, काही झालेलं नाही. मी हिरवं कार्ड पुढे सरकवलं. तो पुन्हा म्हणाला, चांगलं चाललंय. मी चौथी आणि सातवी अट तोंडपाठ म्हणून दाखवली. मागे गिऱ्हाइकं ताटकळली होती. तासाभराने तो बिचारा कंटाळला. बरं, म्हणाला, आवाज डिस्कचा असेल, नवीन टाकून देतो, ठेवून जा. नवीन! माझी छाती फुगली. मग फॉर्म भरता भरता त्याने विचारलं,

"आत काही महत्त्वाचं आहे का, सर?"

"छे, छे," मी म्हणालो, "घरगुतीच आहे सगळं."

त्याने फॉर्मवर रेघ मारली आणि मी सही केली. आयुष्यात इतक्या झोकात मी दुसरी सही केलेली नाही.

बारा दिवसांनी मशीन परत आलं. येताना जीपमधल्या प्रत्येकाला मी सांगितलं की वॉरंटी संपायला चार दिवस असताना डिस्क बदलून घेतली, फुकट! घोडेगावपर्यंत दोघांनी वाढीव वॉरंटी घ्यायचं नक्कीसुद्धा केलं. घरी आल्यावर मी ते टेबलावर मांडलं, बटण दाबलं आणि म्हणालो, ऐका, आहे का आवाज?

आवाज नव्हता. काहीच नव्हतं. संगीताने एकदा शोधलं, पुन्हा शोधलं. मग कपाटातलं हिरवं कार्ड काढून तेराच्या तेरा अटी स्वतः वाचल्या. मी मोठ्याने वाचून दाखवलेली अकरावी अट अशी होती की आतल्या मजकुराची जबाबदारी आमची नाही. मी चौकातल्या बूथवर जाऊन नगरला फोन लावला. इंजिनिअर म्हणाला, जुनी डिस्क बदल्यात कंपनीला गेली, सर. तुम्हीच म्हणालात ना, घरगुती आहे.

हे मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. (हीसुद्धा एक चूकच.) संगीता उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी आपटली असती तर बरं वाटलं असतं. तिने ती आपटली नाहीत. आबांची पट्टी आदल्या दिवशीच निघाली होती आणि आपलं पुस्तक पहिल्यांदा आपल्या डोळ्यांनी बघायचं म्हणून ते दोन वाजताच इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले होते. त्यांनी मला नव्या डोळ्यांनी नीट बघून घेतलं. मग अगदी सावकाश, शिकाऊ ड्रायव्हरला समजावल्यासारखे म्हणाले,

"मास्तर, वर्कशॉपला गाडी लावायच्या आधी पाशिंजर उतरवून घ्यायचे असत्यात."

एवढंच. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

बाराव्या दिवशी संगीता बोलली. दोनशे पानी वही आणि पेन माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "आता तुम्ही लिहा. हाताने." उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज दुपारी मी आबांसमोर बसू लागलो. पण एकदा सांगून झालेली गोष्ट माणूस पुन्हा तशी सांगत नाही, हे गणितात शिकवत नाहीत. शेळी चार ओळींत बाजाराला पोचली. पूल नुसता बुडाला. आणि आईचं प्रकरण आलं तेव्हा आबा म्हणाले, आई बसली हुती एकदा गाडीत, लई बरं वाटलं.

संगीता दारात उभी होती. "आबा, उतरताना ती काय म्हणाली होती?"

आबांनी डोळे मिटले. "काय म्हनली बरं… म्हनली हुती कायतरी. तू लिहिलं हुतंस की."

"मी अक्षरं शोधत होते, आबा," ती म्हणाली. "माझं लक्ष बोटाकडे होतं."

मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं. तिसरा माणूस खोलीत मीच होतो ना! पण सातवी ब मध्ये कोण पास झालं एवढंच मला सांगता आलं असतं. मी मान खाली घालून "लई बरं वाटलं" असं लिहून घेतलं आणि पुढे पूर्णविराम दिला. आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते वाक्य मी अजूनही कधीकधी काढून बघतो, आणि पूर्णविरामापुढची कोरी जागा बघवत नाही.

एक गोष्ट मात्र आबा शेवटपर्यंत कधी विसरले नाहीत. ती सांगताना त्यांची गाडी अशी सुटायची की काय सांगू! गोधडी, जीप, बाळ किती महिन्यांचं, इंजिनिअरचा चेहरा, सगळं तपशीलवार. दर वेळी त्यात एक नवा थांबा वाढायचा, आणि मी एखादा शब्द गाळला की ते पेनावर बोट ठेवून थांबवायचे. ती वही बुद्धपौर्णिमेला मिरजगावात हातोहात फिरली, आणि लोक पोट धरून हसले. एकूण एकवीस पानं आहेत. त्यातली नऊ माझ्यावर आहेत, आणि एकूण एक ओळ माझ्याच सुवाच्य अक्षरात.