एक मूठ डावीकडे

होडीच्या तांडेलानं ओंजळभर खाडीचं पाणी होकायंत्राच्या पेटीवर शिंपडलं. मी पेटीला बोट लावलं होतं म्हणून. उरलेलं पाणी माझ्या तोंडावर झटकलं. त्याचे लोक हसले. माझा बाप खाली बघत राहिला.

मी तेरा वर्षांची होते. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून बापाबरोबर वाळूच्या होडीवर घमेली उचलायची. वाळू भिवंडीच्या बाजूला भरायची, पलीकडे ठाण्याच्या काठाला टाकायची. होडीचं तोंड कुठं ठेवायचं, हा हिशेब बापाचा. हात लांब करून मूठ धरायचा, तिच्या रुंदीनं दिशा मोजायचा. पलीकडचा धक्का सरळ दक्षिणेला. ओहोटी उजवीकडे ओढते, म्हणून तोंड एक मूठ डावीकडे. पाण्याला जोर असला तर दोन. बाप हळूच सांगायचा, तांडेल मोठ्यानं हुकूम द्यायचा. मान त्याचा.

त्या सकाळी दाट धुकं होतं. आदल्या दिवशी दसरा, पेटीची पूजा झालेली. आमचा विटाळ नको म्हणून तांडेलानं पेटीला लागून लोखंडी घमेल्यांची भिंत रचली. आम्ही भिंतीच्या अलीकडे. मी त्यातलं एक घमेलं उचललं, तर सुई हलली. लोखंड तिला ओढत होतं. तेच दाखवायला बोट लावलं.

"तुम्ही वाळू उचला," तो म्हणाला. "दिशा आम्ही बघतो."

घमेली तशीच ठेवून त्यानं होडी हाकली. चिखलात घातली. बांबूनं रेटून कशीबशी सोडवली. धुकं होतंच. मग बापाला म्हणाला, "सांग रे, तोंड कुठं ठेवू?"

बाप सांगणारच होता.

"बाबा, न्हाय सांगायचं," मी म्हणाले. "आधी पेटी माझ्या हातात देऊ दे."

बापानं उचललेली मूठ खाली घेतली, सांगितलं नाही. तांडेलापुढं असं पहिल्यांदाच. तांडेलानं पेटी दिली नाही. धुकं विरेपर्यंत होडी तिथंच. दुसऱ्या दिवसापासून आमचं काम बंद. उपाशी झोपलो. भुकेचं वाईट वाटलं, बोलल्याचं नाही.

आता तांडेलाच्या मुलाची राहनाळला गोदामं आहेत. ती पेटी ऑफिसात काचेमागं ठेवलीय. मागच्या महिन्यात तो माझ्या नारपोलीच्या खोलीवर आला. मावशी मावशी करत होता. पेटीखाली पाटी लावायची, म्हणून माझ्या बापाची मुठीची रीत विचारायला आलेला. पाटीवर नाव कुणाचं, मी विचारलं.

"आमच्या बाबांचं. तांडेल तेच होते ना."

मी त्याला दार दाखवलं. रीत मी आमच्या बुद्धविहारात शिकवणार. फळ्यावर आधी बापाचं नाव लिहून. त्याला ऐकायची असेल तर त्यानं तिथं यावं. चटईवर बसावं, सगळ्यांच्या मागं.