लोभ न्हाई, हाव!

लातूरच्या आमच्या चर्चमध्ये कुणी लूकच्या शुभवर्तमानातलं 'सांभाळा, सर्व प्रकारच्या लोभापासून दूर राहा' हे वचन वाचू लागलं, की पहिल्या बाकावरून साळवेबाई मोठ्यानं म्हणायच्या, "लोभ न्हाई!" वाचणारा गडबडायचा. पाळकसाहेब डोळे मिटून घ्यायचे.

बाई मूळच्या लातूरजवळच्या मुरुडच्या. धर्मशिक्षणाच्या विद्यालयात ग्रीक शिकलेल्या आणि मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका. भूकंपात माझी आई आणि घर एकाच पहाटे गेलं. काकांनी मला बाईंच्या दारात आणून सोडलं. माझ्यासारख्या पुष्कळ होत्या. पत्र्याच्या शेडमध्ये झोपायचो. पुढे लांबलांबच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या मदतीतून आमच्यासाठी पक्की इमारत उभी राहिली.

तो शब्द बाईंनी मला तिथेच शिकवला. "मूळ ग्रीकात प्लेओनेक्सिया हाय. आपल्यापाशी जास्त पायजे, असा अर्थ. पोट भरलंय तरी आणखी पायजे, मग ते दुसऱ्याच्या ताटातलं का असंना. मराठीत लोभ लई गोड गं. पत्राच्या शेवटी लिहितो आपण, लोभ असावा. त्याला कोण घाबरंल?"

"मग काय म्हणायचं?"

"हाव म्हणायचं."

मला हसू फुटलं. आमच्याकडे हाव म्हणजे हो. बाई हसल्या नाहीत. "तेच तर. जो तो तिला हाव म्हणून राहिलाय."

मग शिकवणीवर्गांची लाट आली. डॉक्टर व्हायला राज्यभरातून पोरं लातुरात येऊ लागली. लोकांनी गच्च्या, गोठेसुद्धा भाड्यानं लावले. मी तोवर शाळेत शिक्षिका झाले होते. वसतिगृहात आता किनवटकडच्या जंगलातल्या गावांच्या मुली होत्या. चर्चच्या विश्वस्तांनी ठरवलं, ही इमारत एका क्लासला द्यायची. तीही ऐन सत्रात.

सभेत अध्यक्ष म्हणाले, "मंडळीचंच भलं आहे, बाई. चर्चवर नवं छत येईल."

बाई ताडकन उठल्या. "चर्च गळतं का? पोरींच्या डोक्यावरचं छत काढून देवाच्या डोक्यावर घालून राहिलात? अहो, त्या वचनात 'सांभाळा' म्हणलंय, तो शब्द पहाऱ्याचा हाय. चोरापासून राखण करा, असा. मी खुळी, फाटकाकडं बघत बसले. चोर आतच व्हते!"

पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले. पुढच्या रविवारपासून बाईंना वचनावर बोलायला बंदी झाली आणि वसतिगृहाला नवं कुलूप लागलं. आपल्या दोन खोल्यांत मावल्या तेवढ्या मुली बाईंनी ठेवून घेतल्या. बाकीच्यांना नांदेडला नेऊन किनवटच्या गाडीत बसवलं. मी सोबत होते. गाडी सुटली तेव्हा एक पोर खिडकीतून ओरडली, "बाई, परीक्षेला बोलवा!" त्यातली एकही पुन्हा शाळेत गेली नाही.

बाई गेल्या त्या त्याच दोन खोल्यांत, मुलींच्या मधोमध. चर्चमध्ये शोकसभा झाली. अध्यक्षांनी रुमालानं डोळे टिपले. "बाईंनी पद सोडलं, इमारत सोडली. केवढा हा त्याग!"

मी उभी राहिले. "त्यांनी काही सोडलं नाही. तुम्ही हिसकावलं."

मागून कुणीतरी माझा पदर ओढला. "अगं, मयताच्या वेळी असं बोलतात का?"

मी बसले नाही. गाडीत बसवलेल्या पोरींची नावं एकेक करून मोठ्यानं घेऊ लागले.