एका कागदी लग्नाची चौकशी

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी हसू येते, मग जरा हळवा होतो. पोलिसाने असे लिहू नये म्हणतात. पण मी आता निवृत्त आहे, मला कोणी गडचिरोलीला धाडणार नाही.

नव्वदचे दशक संपत आले होते. महाराष्ट्र पोलिसांतून मी प्रतिनियुक्तीवर संयुक्त अरब अमिरातीत, आपल्या वकिलातीच्या पासपोर्ट विभागात होतो. परक्या मुलखात वर्दी कपाटात राहते. तिथे ना लॉकअप, ना हवालदार, ना स्टेशन डायरी. एक टेबल, दोन खुर्च्या आणि समोरच्याचा चेहरा वाचायची सवय, एवढ्या भांडवलावर काम करायचे. सकाळी टोकन घेतलेल्यांची गर्दी, दुपारी पडताळणी, आणि मधल्या वेळात सुलेमानी चहा.

एके दिवशी वेंगुर्ल्याकडच्या एका तरुण बाईचा अर्ज माझ्याकडे आला. शारजात, अल नहदाच्या एका टॉवरमध्ये ती नवऱ्यासोबत राहत होती. तिला पासपोर्टवर नवऱ्याचे नाव चढवून हवे होते. नवरा गोव्याचा ख्रिस्ती. त्याच्या वडिलांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला, त्यावरून त्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेले. दुबईत अल क्वोजमधल्या ज्या वर्कशॉपमध्ये तो सुपरवायझर होता ते बंद होत होते, आणि त्याला लिस्बनला नोकरी मिळाली होती. तो त्याच्या पासपोर्टवर सरळ जाणार. ती जाणार ती त्याची बायको म्हणून, आणि ते नाते कागदावर पक्के झाल्याशिवाय तिला तिकडचा व्हिसा नव्हता. इथला तिचा व्हिसाही त्याच्याच नोकरीवर. म्हणजे आमचा शेरा वेळेत मिळाला नाही, तर तो युरोपात आणि ती वेंगुर्ल्याला, ज्या बापाने या लग्नामुळे दार लावून घेतले होते त्याच्या उंबऱ्यावर.

अर्ज साधा होता. मी सही करणारही होतो, तेवढ्यात फोन आला. ऑपरेटरने मराठी बोलणारा साहेब म्हणून माझ्याकडे जोडून दिला.

"साहेब, नाव नको विचारू. मी अल क्वोजच्या लेबर कॅम्पात राहतो. तुमच्याकडे पासपोर्टवर नवऱ्याचं नाव चढवायला वेंगुर्ल्याकडची पोरगी आलीय ना, ती आमच्या शेजारच्या गावची आहे, तिचा हजबंड रोज शाम को आमच्या बाजूच्या रूममध्ये येऊन जेवतो. फॅमिलीवाला माणूस कॅम्पात कशाला जेवेल? विचारलं तर म्हणतो, बायको इकडे नाही. ही शादी नुसती पेपरवर आहे साहेब. पोरीला तिकडे नेऊन सोडून देतील."

निनावी खबर देणाऱ्याच्या आवाजात बहुधा खुन्नस असते. या माणसाच्या आवाजात काळजी होती. शिवाय एजंट मंडळी युरोपचा पासपोर्ट असलेल्या माणसाशी मुलींची कागदी लग्ने लावतात, हे आमच्या कानावर होते. तिकडे उतरल्यावर त्या मुलींचे काय होते ते सांगायला नको. मी अर्ज बाजूला ठेवला.

तिला बोलावले. नवरा परदेशी नागरिक, त्याला बोलावण्याचा मला अधिकार नव्हता. विनंती केली, तर तो तिच्याबरोबरच आला. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले. अशा जोडप्यांना कोणते प्रश्न विचारायचे ते ठरलेले असते. लग्न कुठे झाले, साक्षीदार कोण, घोरतो कोण. तिथे दोघांचे जमले. मग मी त्याला सहज विचारले, "काल रात्री काय जेवलात?"

"भात, आमटी, वालाची उसळ. पोटभर जेवलो, सर."

"कुठे?"

"घरीच. रोज घरीच."

तोच प्रश्न मी तिला विचारला. ती म्हणाली, "मी केली होती वालाची उसळ. पण ते रात्री घासभरच खातात."

"संध्याकाळी घरी किती वाजता येतात?"

"ओव्हरटाइम असतो," ती म्हणाली, आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली. वर्कशॉप बंद व्हायला आलेले आणि याला ओव्हरटाइम? मी परत त्याच्याकडे गेलो आणि विचारले की संध्याकाळी तो कुठे असतो. तो घामाघूम झाला. खोलीतला एसी गारेगार चालू होता.

"सर, ते पर्सनल आहे."

"तुझ्या बायकोचा व्हिसा त्याच्यावर अडकलाय."

त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. वीस वर्षे गुन्हेगार बघितलेल्या माणसाला एवढे पुरेसे असते. मी मनात केस जवळजवळ निकालात काढली होती.

तरी जागेवर जाऊन बघायचे ही खात्यातली सवय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साध्या कपड्यांत अल क्वोजचा तो कॅम्प गाठला. कोकणातल्या पोरांची खोली शोधायला पत्ता लागत नाही, नाक पुरते. दार उघडेच होते. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेले, मधोमध तळलेल्या बांगड्यांची परात, भोवती चार-पाच जण, आणि त्यांत आमचा हा सुपरवायझर, अंगात कोणाचा तरी जुना बनियन घालून, डोळे मिटून बांगड्याचे डोके चोखत होता.

मला बघून तो उभा राहिला. मला वाटले, आता पळतो. तो हात जोडून म्हणाला, "सर, वाइफला सांगू नका."

बाहेर पायरीवर बसून त्याने सगळे सांगितले. लग्नाच्या वेळी सासरा भरल्या घरात म्हणाला होता की पाववाल्या किरिस्तावाच्या घरात माझ्या मुलीचा श्रावण बुडणार. त्यावर हा सगळ्यांसमोर बोलून गेला, "तिचा श्रावण बुडणार नाही. तिच्याबरोबर मीही पाळीन."

"बोललो तेव्हा वाटलं, त्यात काय," तो म्हणाला. "पण सर, मी फिशरमनचा मुलगा. पहिल्याच हफ्त्यात खलास. आता तिला कसं सांगू? तिने माझ्यासाठी बाप सोडला. मला एक महिना मासा नाही सोडता येत?"

म्हणून श्रावणात महिनाभर तो इथे जेवायचा, शर्ट खुंटीला टांगून. रूममधल्यांना बायको इकडे नाही म्हणून सांगायचा, कारण खरे सांगितले तर पोरे चिडवून जीव नकोसा करतील. मग लिंबाने हात चोळायचा, शर्ट चढवायचा आणि शारजाच्या बसने घरी जाऊन दुसऱ्यांदा जेवायचा. बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. व्हिसाबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. बायकोला सांगणार नाही, असा मी त्याला शब्द दिला.

पण एका बाजूच्या जबाबावर फाइल बंद करता येत नाही. मी तिला पुन्हा बोलावले. त्याला दिलेला शब्द मोडायचा नव्हता, म्हणून आडून विचारले, "ताई, ओव्हरटाइमचं खरं काय ते सांगा."

ती हळूच म्हणाली, "साहेब, वर्कशॉपच्या कामावरून पुरुष घामाचा वास घेऊन घरी येतो. हे श्रावणात लिंबाचा वास घेऊन येतात."

"म्हणून तर रात्री घासभर वाढते. भरल्या पोटावर माणसाला किती जेवायला लावायचं? ते तरी नाही म्हणत नाहीत, गिळतात बिचारे." ती हसली आणि लगेच गंभीर झाली. "त्यांना कळू देऊ नका हां, मला माहीत आहे म्हणून. त्यांना फार लाज वाटेल."

शिकवून आणलेल्या जोडप्यांची उत्तरे तंतोतंत जुळतात, हे मला नोकरीने शिकवले होते. पण सरकारी माणसापुढे दोघे खोटे बोलतात, व्हिसा जायची पाळी येते तरी बोलतात, आणि कारण एकच, की दुसऱ्याचे मन दुखू नये, असे मी प्रथमच बघितले. अहवालात अर्थातच बांगडे लिहिले नाहीत. "विवाह खरा असल्याची खात्री झाली" एवढाच शेरा मारला. वरिष्ठांनी आधार विचारला, तेव्हा "प्रत्यक्ष भेट व स्वतंत्र जबाब" असे उत्तर दिले, आणि ते खरेच होते. महिना संपायच्या आत दोघे एकाच विमानाने गेले.

पुढच्या वर्षी लिस्बनहून तिचा फोन आला. म्हणाली, "एअरपोर्टवर युरोपवाल्यांची लाइन वेगळी होती. हे मला घेऊन त्याच लाइनीत उभे राहिले. ऑफिसरने विचारलं, ही कोण? हे म्हणाले, वाइफ. त्याने शिक्का मारला. तुम्ही किती छळलं होतं साहेब."

मी हसलो आणि विचारले, "श्रावण कसा चाललाय?"

पलीकडे आवाज एकदम बारीक झाला. "इथे ह्यांच्या ओळखी नाहीत हो अजून. जायला एक खोली नाही. पहिल्या सोमवारीच चेहरा बघवेना. मग खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंना मीच खुणेने सांगून आले, ह्यांना अधूनमधून जेवायला बोलवा. त्या अंगणात पेडवे मासे भाजतात. आत्ता तिकडेच गेलेत. मला सांगून गेलेत, आजींचा नळ गळतोय."

माणूस काय लपवतो ते शोधणे हे पोलिसाचे काम. तो ते कोणासाठी लपवतो, हे विचारायची सवय मला त्या दोघांनी लावली, आणि पुढच्या नोकरीत ती फार उपयोगी पडली. आयुष्यभर लोकांचे खोटे पकडून ते कोर्टापुढे नेले. हे एक खोटे मात्र मी पकडले आणि होते तिथेच अलगद परत ठेवून दिले.