पासपोर्ट आहे, पण हातात नाही

जग फिरायला काय लागतं असं विचारलं की लोक पैसा म्हणतात, हिंमत म्हणतात. त्यांना म्हणू दे. आधी रजा लागते. बिनपगारी का होईना, पण सहीशिक्क्याची रजा. बॉबिन निघाली तेव्हा हे मी नीट शिकले.

बॉबिन आमच्या बस-वर्कशॉपमध्ये सीटखात्यात आहे. वय बावन्न, उंची बेताची, आणि बोलताना बसल्या जागी गर्रकन या बाजूला, गर्रकन त्या बाजूला वळायची सवय. म्हणून शिलाई मशीनमधल्या बॉबिनीचं नाव तिला चिकटलं ते कायमचं. सत्तावीस वर्षं ती एकच काम करतेय. फाटकी सीट उसवायची, आतला स्पंज बदलायचा, वर नवं रेक्झिन ताणून शिवायचं. लग्न केलं नाही. दादा-वहिनीच्या दोन खोल्यांत राहते. तिची खाट स्वयंपाकघरामागच्या बोळात, उशाला पत्र्याची ट्रंक.

त्या ट्रंकेत एक बिस्किटाचा डबा आहे. सीट उसवली की आत जे सापडतं ते ती त्यात टाकते. केसांच्या पिना, तिकिटांचे तुकडे, परक्या देशाचं एक नाणं, विमानात सामानाला बांधतात तसली एक चिठ्ठी. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा पुढ्यात ठेवून ती मला म्हणाली, "लोक माझ्या सीटवर बसून कुठं कुठं जाऊन येतात. आणि मी? घर ते वर्कशॉप. पुरे झालं आता."

घरी सांगितलं तेव्हा मी तिथंच होते. दादानं घास हातात धरूनच विचारलं, "एकटी? बरोबर कोण?"

"पिशवी."

"अगं, कंपनीबरोबर जावं," वहिनी म्हणाल्या. "हॉटेल, जेवण, गाडी, सगळं तेच बघतात."

"सगळं तेच बघणार, मग मी काय बघू?"

त्या दिवसापासून दादाचं तोंड वाकडं ते वाकडंच.

खात्यातल्या सगळ्यांचे अर्ज मीच लिहिते, म्हणून रजेचं माझ्याकडं आलं. मी सातवीत शाळा सोडलेली बाई. पण वर्कशॉपचं नियमपुस्तक मी सुपरवायझरपेक्षा जास्त वेळा वाचलंय, कारण त्याला ते वाचायची गरज पडत नाही आणि आम्हाला पडते. सुपरवायझरला आम्ही घड्याळ म्हणतो. समोर माणूस मेला तरी आधी किती वाजले ते बघेल. त्यानं बॉबिनचा अर्ज चार वेळा परत पाठवला. पाचव्या वेळी मी अर्ज घेऊन त्याच्या केबिनसमोरच्या बाकावर जाऊन बसले. तीन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी त्याला माझ्यासमोर जेवणाचा डबा उघडवेना, तेव्हा सही झाली. पाच महिने बिनपगारी. खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली होती: ठरल्या सोमवारी सकाळी आठला हजेरी न लागल्यास नाव कमी करण्यात येईल.

तीस वर्षं भरल्याशिवाय आमच्याकडं पेन्शन नाही. तिची तीन राहिली होती. मी म्हटलं, "ही ओळ वाच." तिनं वाचली. "सोमवारी आठला ना? येते," म्हणाली, जसं काही कोपऱ्यावरच्या दुकानातून येणार होती.

पिशवी तिनंच शिवली. उरलेल्या हिरव्या रेक्झिनची, आत जाड कॅनव्हासचं अस्तर. त्या पिशवीवर अकरा देश झाले. भाषा एकही येत नाही, पण तिचं म्हणणं, फाटलेली वस्तू दोघांच्या मधे असली की भाषा लागत नाही. एका मुसाफिरखान्यात एका खोलीत दहा पलंग, वर-खाली. तिनं मालकिणीच्या सगळ्या पडद्यांना दुमड घालून दिली आणि आठवडाभर खिडकीजवळचा खालचा पलंग मिळवला. पाट्या वाचता येईनात तर अक्षरांची चित्रं पाठ केली. "दुसऱ्या अक्षराला शेपटी दिसली की उतरायचं," असं तिनं मला रेकॉर्ड करून पाठवलं होतं. मागं गाडीची घरघर. एकदा तापानं तीन दिवस पडून होती, ते मात्र बरी झाल्यावर कळवलं. मी फोनवर असली झापली की काही विचारू नका. ती शांतपणे म्हणाली, "इथं बसच्या सीटा शिवत नाहीत गं, चिकटवतात. लोकांना फसवतायत."

मग एका बंदरात कोणीतरी तिच्या पिशवीचा बाजूचा कप्पा ब्लेडनं कापला. गेला फक्त कंगवा. पण बाईनं धसका घेतला. पासपोर्ट पिशवीच्या तळाला, अस्तराखाली घालून तिनं वरून शिवून टाकला. सीमा आली की टाके उसवायच्या छोट्या हत्यारानं उसवायचं, पासपोर्ट दाखवायचा, पलीकडं गेलं की परत शिवायचं.

आता शिवायचं म्हणजे कसं, ते सांगायला पाहिजे. बसमध्ये रिकामा बसलेला माणूस नखानं सीटची शिवण उकरत बसतो. म्हणून आमच्या खात्यात मेण लावलेला जाड दोरा घेऊन प्रत्येक टाका दोनदा मागं फिरवतात आणि आवळतात. तो नखाला दाद देत नाही, दाताला देत नाही. असा टाका बाहेर कोणी घालत नाही. बॉबिनचा हात सत्तावीस वर्षं तोच घालतोय, त्याला दुसरा येतच नाही. पासपोर्टलाही तिनं तोच घातला.

परतीच्या शेवटच्या रविवारी सकाळी ती बोटीत चढली. धक्क्यावर तपासणी होती. तिची कात्री आणि उसवायचं हत्यार, दोन्ही काढून घेऊन एका टबात टाकलं. सुई राहिली. त्याच देशाच्या पलीकडच्या काठाला उतरल्यावर आपल्या देशाच्या सीमेकडं जाणारी बस उभी होती आणि दुकानं रविवारची बंद. बसमध्ये कोणाकडं तरी नेलकटर असेल, असा तिनं हिशोब केला. पण बसमधले सगळे त्याच बोटीतून उतरलेले. सगळ्यांची नेलकटरं त्याच टबात.

दुपारी एक वाजता मला तिचा निरोप आला. "सीमेवर आहे. पासपोर्ट आहे, पण हातात नाही."

एवढंच. पुढं फोन बंद. मी तो निरोप दादाला वाचून दाखवला. दादानं पुन्हा वाचायला लावला. मग आम्ही दोघंही एकमेकांवर ओरडलो, कारण ती समोर नव्हती.

तिथं काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. त्या देशाच्या काउंटरवर चष्मा लावलेली एक सडपातळ अधिकारी बाई होती. तिनं हात पुढं केला. बॉबिननं पिशवीचा तळ दाखवला. सीमेवर अस्तरात काहीतरी शिवून आणलंय म्हटल्यावर दुसरं काय होणार? तिला बाजूच्या खोलीत नेलं. बरं तर बरं, बसमध्ये शेजारी बसलेली एक म्हातारी सुईण होती, तिला दोन्हीकडची भाषा येत होती. ती आपणहून मागोमाग आत आली. ड्रायव्हरनं खिडकीतून सांगितलं, वीस मिनिटं थांबतो, मग जातो. पुढची बस मंगळवारी.

अधिकारी बाईनं खोकी उघडायचा चाकू घेतला आणि पिशवीचा तळ आडवा फाडायला पातं टेकवलं. बॉबिन दोन्ही हात पसरून पिशवीवर पालथी पडली.

"हात काढ म्हणतेय," सुईण म्हणाली.

"नाही काढत. तिला सांग, खाली पासपोर्ट आहे. त्याला चीर पडली की तो बाद. मग मी घरी कशी जाऊ?"

"ती म्हणते, लपवायचं असलं की सगळे असंच म्हणतात."

बॉबिननं मान वर केली. समोर त्या बाईची खुर्ची होती. सीट एका कडेनं फाटलेली, वर चिकटपट्टी, पट्टीखालून पिवळा स्पंज बाहेर आलेला.

"तिला म्हणावं, ही खुर्ची कोणी शिवली माहीत नाही, पण वाईट शिवली. मी सीटा शिवणारी आहे. हा टाका मी घातलाय, मीच काढीन. पातं माझ्या हातात दे आणि माझ्या डोक्यावर उभी राहून बघ."

सुईणीनं ते सगळं सांगितलं, खुर्चीसकट. अधिकारी बाई खुर्चीकडं बघायला लागली. मग तिनं बॉबिनचा उजवा हात ओढून उलटा केला. मधल्या बोटावर सुई रेटायच्या अंगुस्तानाचा गोल घट्टा आहे, आणि पहिल्या बोटावर सुईच्या टोचण्यांचे काळे ठिपके, तिळासारखे. तिनं अंगठा त्या घट्ट्यावरून फिरवला. चाकूच्या खाचाखाचांच्या पात्याचं टोकाकडचं पेरभर मोडलं आणि बॉबिनला दिलं. बाकीचा चाकू स्वतःजवळ ठेवला आणि खरोखर तिच्या डोक्यावर येऊन उभी राहिली.

एकतीस टाके होते. प्रत्येकाला दोन उलटे वळसे. बाहेर हॉर्न वाजला. सुईणीनं अस्तर दोन्ही हातांनी ताणून धरलं होतं. "जन्मभर मी आतलं बाहेर काढलं," ती म्हणाली, "पण पासपोर्ट पहिल्यांदाच."

"हसवू नका हो मावशी, हात हलेल."

"घाई करू नकोस. डोकं आधी येऊ दे."

परत हॉर्न. यावेळी लांब. अधिकारी बाई खिडकीत गेली आणि ड्रायव्हरला दोनच शब्द बोलली. हॉर्न थांबला. बॉबिन म्हणते, कुठले शब्द ते विचारून घ्यायला पाहिजे होते.

पासपोर्ट निघाला. उबेनं थोडा वाकलेला, पण एक ओरखडा नाही. अधिकारी बाईनं पानं चाळली, शिक्का मारला, आणि पासपोर्ट परत देताना काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणते?"

"विचारतेय, खुर्चीचं काही करता येईल का."

"म्हणावं, पुढच्या खेपेला."

पलीकडं आपल्या देशाच्या काउंटरवरच्या माणसानं पिशवीकडं बघून फक्त विचारलं, "पिशवी फाटली का, मावशी?"

"फाटली नाही, उसवली," बॉबिन म्हणाली आणि धावत बसमध्ये चढली.

यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. सोमवारी साडेसातला मी गेटवर होते. दादा-वहिनी आले. वहिनींच्या हातात डबा. घड्याळ हजेरीचं रजिस्टर उघडून, पेनाचं टोपण काढून उभा.

"तुमची पाहुणी?" त्यानं विचारलं.

"आठ वाजले का?"

"वाजतील."

"मग वाजू द्या."

आठला सहा मिनिटं कमी असताना दुरुस्तीला आलेली एक रिकामी बस गेटमधून आत शिरली. शेवटच्या फाटक्या सीटवर बॉबिन. स्टँडवर तिला आमच्याच ड्रायव्हरनं उचललं होतं. ती उतरली. खांद्यावर पिशवी, तळाचं अस्तर जिभेसारखं बाहेर लोंबतंय. सरळ चालत आली आणि सही केली. घड्याळानं सही बघितली, भिंतीवरचे काटे बघितले, रजिस्टर मिटलं. "चार नंबर गाडीच्या सीटांना स्पंज कमी पडलाय," म्हणाला आणि आत गेला. त्याच्या तोंडून यापेक्षा गोड मी आजवर काही ऐकलेलं नाही.

मी पायरीवरच बसले. तोंडातून निघालं ते एवढंच, "पासपोर्ट कोणी शिवतं का गं, मूर्ख?"

"चोरीला गेला नाही ना?"

वहिनी तिच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "वाळलीस." दादानं तिच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि मशीनपर्यंत पोचवली. पाच महिन्यांनी त्याचं तोंड सरळ दिसलं.

चहाच्या सुट्टीत बॉबिननं पिशवी मशीनवर उलटी केली. अस्तराची कड नीट कापली, दुमडली आणि तिथं दोन टिचबटणं लावली. टच् करून दाबलं. टच् करून उघडलं. परत दाबलं.

"एका हातानं उघडतं," मला दाखवत म्हणाली.

"आता कशाला? पोचलीस ना घरी?"

"त्या बाईची खुर्ची राहिलीय."

मी चहा संपवला. बिनपगारी रजा पुन्हा कधी मागता येते ते नियमपुस्तकातलं पान मला तोंडपाठ आहे. "दोन वर्षांनी," मी म्हटलं.

"बरं," ती गर्रकन मशीनकडं वळली. "अर्ज आत्ताच लिहून ठेव. चार वेळा परत येतो."